मागचे शॉकअप बदलले तरी वर्षभरात पुन्हा तेच: वेगवान सेदान आणि काळ्या मातीवरचे रस्ते

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. टर्बो पेट्रोलची सेदान, पळायला जोरदार. नागपूरहून निघून समृद्धीच्या काँक्रीटवर १२० ला सुद्धा शांत. येळाकेळी किंवा विरूळला उतरून आतल्या रस्त्याला लागलं की मात्र ऐंशीच्या वेगात मागची बाजू बसते, उठते, पुन्हा बसते आणि तिसऱ्या हेलकाव्यानंतर कुठं थांबते. गावाच्या वेशीवरच्या ब्रेकरला मागून 'धप्प' असा आवाज येतो. मिस्त्री खाली वाकतो, "शाकप गेले भाऊ" म्हणतो, नवे बसतात. पावसाळा जातो, कापसाचा हंगाम जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच धप्प परत हजर.

दुसऱ्यांदा असं झालं की लोक दोन टोकांना जातात. काहींना वाटतं ही गाडीच आपल्या भागाची नाही. काही जण दुकानात जाऊन 'सगळ्यात कडक असेल तो द्या' म्हणतात. या दोन्ही निर्णयांत घाई आहे. शॉकअप वारंवार जात असेल तर बहुतेक वेळा त्याला मारणारं दुसरंच काहीतरी गाडीत शिल्लक राहिलेलं असतं. ते काढल्याशिवाय कितीही महागाचा आणला तरी टिकत नाही. आणि निवड करताना मऊ की कडक हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी कडक, हे विचारावं लागतं.

शॉकअपच गेलाय ना, हे आधी बघा

डिकीवर दोन्ही हातांनी दाब देऊन सोडायचं आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही जुनी पद्धत. शॉकअप पार मेला असेल तरच ती काही सांगते. अर्धवट गेलेला शॉकअप या परीक्षेत आरामात पास होतो, कारण आजकालच्या गाड्यांमध्ये बुशांचं, म्हणजे जोडांतल्या रबरी गाद्यांचं, आणि सीलचं घर्षणच एवढं असतं की बॉडी एका झोक्यात थांबते.

त्यापेक्षा भरवशाची परीक्षा उष्णतेची. शॉकअपचं काम म्हणजे स्प्रिंगची हालचाल तेलात जिरवून तिची उष्णता करणं. जो काम करतो तो तापतो, जो मेला तो थंड राहतो. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवा, सावलीत थांबवा आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही मागच्या शॉकअपच्या काळ्या रंगाच्या नळीवर तापमान घ्या. चमकणाऱ्या दांड्यावर घेऊ नका, तिथं आकडा खोटा येतो. ताप बघायची कपाळाची बंदूकही चालत नाही, तिची मर्यादा ४२-४३ अंशांना संपते आणि मे महिन्यात आपली हवाच त्याच्या वर असते. एका बाजूचा शॉकअप दुसऱ्यापेक्षा ठळकपणे थंड आला तर संशय त्याच्यावर. फक्त एक लक्षात ठेवा, सायलेन्सरचा डबा ज्या बाजूला असतो ती बाजू तशीही थोडी गरम लागते.

तेलाच्या बाबतीत घाबरण्याआधी नीट बघा. दांड्याजवळ, वरच्या भागात हलकासा ओलसर थर असणं साधारण आहे. सील कोरडं चालतच नाही, दांडा दर वेळी थोडं तेल बाहेर घेऊन येतो. तेल निम्म्या नळीच्या खाली ओघळलंय आणि त्यावर धुळीचा चिकट जाड थर बसलाय, असं असेल तर तो गळतोय. टायरवर तळहात फिरवा. कडेनं उंचसखल वाट्या पडल्यासारखं हाताला लागलं तर चाक बऱ्याच काळापासून रस्त्यावर आपटत चाललंय.

आणि धप्प आवाज प्रत्येक वेळी शॉकअपचाच नसतो. वरचं माउंटिंग, म्हणजे शॉकअप बॉडीला जिथं जोडलेला असतो ते, सैल असलं तर बारीक खड्ड्यांवर 'टक टक' येतं, मोठ्यावर नाही. अँटीरोल बारची (वळणात गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांड्याची) लिंक गेली असेल तर एकच चाक वर चढतं तेव्हा वाजतं, दोन्ही चाकं बरोबर चढली की गप्प. मागच्या कॉइल स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटणं तर नेहमीचंच. तुकडा रबरी बैठकीत अडकून राहतो, वरून दिसत नाही आणि गाडी एका बाजूला पाच-दहा मिलिमीटर खाली बसलेली असते. स्टेपनीचा बोल्ट आणि जॅक सैल आहे का, हेही बघून घ्या. रॅम्पवर चढवायच्या आधी हे पाच मिनिटांत होतं.

आपल्या रस्त्याची लाट

विदर्भातल्या रस्त्यांबद्दल बोलताना सगळे खड्ड्यांवर बोलतात. शॉकअपच्या दृष्टीनं मला खड्ड्यापेक्षा लाट जास्त महत्त्वाची वाटते.

काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. राळेगाव, हिंगणघाट, वरोरा, वणी, या पट्ट्यातल्या कास्तकाराला हे सांगायची गरज नाही, एप्रिलमध्ये वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती डांबराखालीही आहे. रस्त्याच्या कडा लवकर सुकतात, मधला भाग ओल धरून ठेवतो. एकीकडे माती बसते, दुसरीकडे उचलली जाते. वरून कोळशाचे किंवा सिमेंटचे भरलेले ट्रक. दोन-तीन पावसाळ्यांत सपाट रस्त्याला लांबट लाटा पडतात. डोळ्याला त्या दिसत नाहीत, पण गाडीच्या मागच्या बाजूला बरोबर समजतात.

याचा हिशोब सोपा आहे. साधारण सेदानची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला सव्वा ते दीड वेळा हेलकावते, हा तिचा स्वतःचा ठेका. १.३ धरू. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे रस्त्यावर १७ मीटर लांबीच्या लाटा एकामागून एक आल्या की प्रत्येक लाट गाडीला नेमकी तिच्याच ठेक्यावर ढकलते आणि हेलकावा वाढत जातो. साठला हीच लांबी १३ मीटरची होते, शंभरला २१. म्हणून एखाद्या रस्त्यावर साठला गप्प असणारी गाडी ऐंशीला झुलते आणि शंभरला पुन्हा शांत वाटते. लोक म्हणतात गाडी 'जोरात चालवली की चांगली बसते'. त्यात भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. पुढच्या मैलावर लाटेची लांबी बदलली की तीच गाडी शंभरला झुलते.

आता निवडीशी संबंध. लाटेवर शॉकअपचा पिस्टन हळू चालतो, सेकंदाला अर्ध्या मीटरच्याही आत. खड्ड्यात चाक पडतं तेव्हा तोच पिस्टन सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून वेगानं हलतो. गाडीचा वेग वेगळा, पिस्टनचा वेग वेगळा. शॉकअपला फक्त दुसराच कळतो. आपल्याला हवा असतो असा शॉकअप जो हळू हालचालीला, त्यातही स्प्रिंग उलगडताना, घट्ट धरून ठेवेल आणि जोराच्या धक्क्याला चटकन वाट देईल. 'कडक द्या' म्हणून आणलेला स्वस्त स्पोर्ट्स शॉकअप पुष्कळदा उलटं करतो: खड्ड्यात कंबर मोडतो आणि लाटेवर तरीही झुलतो.

नवा शॉकअप कशानं मरतो

सगळ्यात आधी बंप स्टॉपर. शॉकअपच्या दांड्यावर वरच्या टोकाला फोमसारखा पिवळसर किंवा काळा तुकडा असतो. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि लोकांना वाटतं तसा नुसता शेवटचा टेकू नाही. बऱ्याच सेदानांत, विशेषतः कारखान्यातूनच खाली बसलेल्या स्पोर्ट सस्पेन्शनच्या गाड्यांत, तो भरल्या गाडीत अर्धा वेळ कामावर असतो. दुसरी स्प्रिंगच म्हणा. उन्हानं आणि धुळीनं तो चार-पाच वर्षांत भुगा होतो. शॉकअप काढताना तो हातात पीठ होऊन येतो, मिस्त्री झटकून टाकतो आणि नवा शॉकअप त्याच्याशिवाय बसतो. मग पहिल्याच उंच ब्रेकरला पिस्टन खालच्या व्हॉल्व्हवर आपटतो. गळती सुरू व्हायला काही महिने लागतात, पण त्याचा दिवस त्या ब्रेकरलाच ठरलेला असतो. शॉकअपच्या डब्यात बंप स्टॉपर बहुतेक वेळा येत नाही, तो वेगळा मागवावा लागतो. मागवाच. वर्षभरात पुन्हा शॉकअप बदलावे लागलेल्या ज्या गाड्या मी रॅम्पवर बघितल्या, त्यांत सगळ्यात जास्त वेळा हाच तुकडा गायब होता.

त्याच्यासोबतचं धूळरोधक बूटही असंच दुर्लक्षित. आपल्याकडची मुरमाची आणि काळ्या मातीची धूळ दांड्याच्या क्रोमवर बसते, पांदण रस्त्यावरचा चिखल तिथंच वाळतो आणि पुढच्या प्रत्येक हालचालीला सीलची कड त्या कणांवर घासते. बूट फाटलेलं असेल तर नव्या शॉकअपच्या सीलचं आयुष्य निम्मं झालं असं समजा.

मग येतो स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचा रबरी बफर. "बफर टाकून घ्या ना भाऊ, गाडी उचलून जाईन," असं सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्याला भेटतो. गाडी उचलली जातेही. पण होतं काय, तर स्प्रिंगचे एक-दोन वेढे निकामी होऊन ती कडक होते. कडक स्प्रिंग उलगडताना जास्त जोरानं उलगडते आणि तिला आवरायचं काम त्याच जुन्या मापाच्या शॉकअपवर येतं. शिवाय गाडी उंच झाल्यानं शॉकअप कायम ताणलेल्या स्थितीत उभा राहतो, ब्रेकर उतरताना चाक खाली लटकलं की आतून शेवटाला आदळतो. ब्रेकर चढताना नाही, उतरल्यावर 'टंग' वाजतं ते हेच. ओळखीतल्या एका कास्तकाराच्या सेदानला याच कारणानं सारखे शॉकअप लागायचे. बफर काढून मागच्या स्प्रिंगा नव्या टाकल्या, उंची आपोआप आली आणि आवाजही गेला. मागून गाडी बसली असेल तर दोष स्प्रिंगचा असतो. साधा शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही, ते काम त्याचं नाहीच.

उलट टोकाला, दिसायला छान म्हणून गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा टाकून शॉकअप मात्र मूळ लांबीचे ठेवणारी मंडळी आहेत. तिथं शॉकअप कायम दबलेला राहतो, खाली जायला जागाच उरत नाही. आपल्या ब्रेकरांच्या उंचीला ही मांडणी मी कुणालाच सुचवणार नाही.

वजनाचा हिशोबही एकदा करा. युरियाची गोणी ४५ किलोची. चार गोण्या डिकीत टाकल्या तर १८० किलो, पण हे वजन मागच्या चाकांच्याही मागं असतं. तराजूच्या दांडीसारखं ते पुढची चाकं थोडी हलकी करतं आणि मागच्या चाकांवर सुमारे २२० किलो टाकतं. वर मागच्या सीटवर तीन माणसं. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असलेल्या पट्टीवर मागच्या आसाची मर्यादा अनेकदा लिहिलेली असते, ती वाचा. हंगामात गाडी अशीच वापरावी लागणार असेल तर शॉकअप निवडताना ते दुकानदाराला सांगा, लपवू नका. आणि गोण्या नेता येतील तितक्या मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, डिकीच्या दाराशी नको.

शेवटचं, तेल भरून देणारे. शॉकअपला भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग मारून देतात. आतला नायट्रोजन त्यात निघून जातो, तेल कुठल्या घट्टपणाचं भरलं ते कुणालाच माहीत नसतं, आणि दाबाखालच्या मोनोट्यूबला (एकाच नळीच्या, जास्त दाबाचा वायू भरलेल्या जातीला) असं भोक पाडणं जीवावरचं काम आहे. वेगवान गाडीला हे कधीच करू नका.

मग कोणता घ्यायचा

तीन-चार जाती आहेत. त्यांची नावं पाठ करण्यापेक्षा आत काय चालतं हे समजून घेतलं की दुकानदाराच्या बोलण्यातलं खरं-खोटं कळतं.

बहुतेक सेदानांत कारखान्यातून ट्विन-ट्यूब येतो. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर कमी दाबाचा नायट्रोजन. याची चाल मऊसर, बाहेरच्या नळीला गिट्टी लागून पोचा आला तरी आतलं काम शाबूत राहतं. कमजोरी उष्णतेची. लागोपाठ खराब रस्ता मिळाला की तेलात वायूचे बुडबुडे मिसळतात, फेस होतो आणि पकड ढिली पडते. शॉकअप आपली उष्णता हवेला देतो, त्यामुळे बाहेरची हवा किती तापली आहे यावर सगळं अवलंबून. तेल ९० अंशांवर असेल आणि हवा २५ अंशांची असेल तर फरक ६५ चा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत तोच फरक ४५ वर येतो, म्हणजे थंड होण्याची क्षमता जवळजवळ एक तृतीयांशानं घटली. सकाळी नीट चालणारी गाडी दुपारी झुलायला लागते ती यामुळे.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. वायूचा दाब साधारण २० ते ३० बार. टायरमध्ये असतो जेमतेम सव्वादोन. तेलात वायू मिसळायला वाव नाही, तेल थेट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं, म्हणून उष्णता लवकर जाते. लाटेवर पकड उत्तम. पण तीच बाहेरची भिंत पिस्टनचा रस्ताही आहे, तिला खोल पोचा आला की पिस्टन अडकतो. दाबामुळे गाडी काही मिलिमीटर उचललीही जाते आणि बारीक खडबड अंगाला जास्त जाणवते.

बिल्स्टीन या शॉकअप कंपनीच्या यादीत हा फरक स्पष्ट दिसतो. बी-४ म्हणजे मूळ शॉकअपच्या बदल्यात तसाच, बी-६ म्हणजे मूळ उंचीच्या गाडीसाठी जास्त पकडीचा मोनोट्यूब, आणि बी-८ हा खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड लांबीचा. बी-८ 'वरचा नंबर' म्हणून मूळ उंचीच्या गाडीला लावणं चूक. आखूड दांड्यामुळे ब्रेकरवर चाक खाली उतरतानाच अडेल. केवायबीचा एक्सेल-जी हा मूळच्या बरोबरीचा गॅस ट्विन-ट्यूब, त्याच कंपनीचा गॅस-अ-जस्ट मोनोट्यूब. झॅक्स हा झेडएफ कंपनीचा ब्रँड, अनेक जर्मन गाड्यांत कारखान्यातूनच येतो. कोनीचा स्पेशल ॲक्टिव्ह, ज्याला आधी एफएसडी म्हणायचे, वेगळ्या तत्त्वावर चालतो: धक्का भरभर येतोय की हळू यावरून आतला व्हॉल्व्ह तेलाला जादा वाट देतो किंवा बंद करतो. बारीक खडबडीला मऊ, लाटेला घट्ट. वर हिशोब मांडला त्या रस्त्यासाठी हेच तत्त्व मला सगळ्यात योग्य वाटतं. अडचण उपलब्धतेची, तुमच्या गाडीच्या यादीत तो आहे का हे आधी बघावं लागतं आणि वाट पाहायची तयारी ठेवावी लागते.

माझा सल्ला असा. गाडीचा वापर कुटुंबाचा, अधूनमधून समृद्धी आणि बाकी आतले रस्ते, तर मूळ दर्जाचा ट्विन-ट्यूब घ्या, सोबत स्टॉपर, बूट, वरचं माउंटिंग सगळं नवं. यात कमीपणा नाही. नवा मूळ शॉकअप कसा असतो हे लाखभर किलोमीटर जुना चालवलेल्या माणसाला आठवतच नसतं, म्हणून त्याला वाटतं गाडीला मुळातच कडक हवा होता. रोज शंभर-दीडशे किलोमीटर, उन्हात, लाटांवर, तर बी-६ सारख्या मोनोट्यूबचे जास्तीचे पैसे वसूल होतात. हातानं कडकपणा बदलता येणारे शॉकअप मी या वापरासाठी घेणार नाही. बहुतेक जण एकदा फिरवतात आणि मग कायम जास्तच कडक ठेवतात.

फक्त मागचेच बदलून कडक करताना एक धोका आहे, तो गांभीर्यानं घ्या. पुढचे जुने ढिले आणि मागचे जास्त कडक झाले तर वळणात मागची चाकं रस्त्याशी चिकटून राहत नाहीत. जुलैमध्ये वावरातून निघालेले ट्रॅक्टर चाकाचा काळा चिखल डांबरावर आणतात, वर भुरभुर पाऊस. त्या निसरड्यावर पुढच्या चाकांनी ओढणारी दीडशे-दोनशे पीएसची (अश्वशक्तीची) गाडी वळणात पाय सोडताच मागून घसरते. म्हणून पुढचे ऐंशी हजारांच्या वर चालले असतील तर चारही एकत्र बदला. पैसे नसतील तर मागं मूळचेच लावा, स्पोर्ट्स नको. एकच बाजू बदलण्याचा विचार तर मनातही आणू नका.

मागवताना

गाडीचं नाव आणि वर्ष सांगून शॉकअप मागवला की चुकीचा येण्याची शक्यता भरपूर. एकाच नावाच्या गाडीत इंजिनाप्रमाणे मागची मांडणी बदलते. तिसऱ्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हियात काही इंजिनांना मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आणि जास्त ताकदीच्यांना मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म) आहे. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाच्या दीडशे पीएसच्या १.५ टीएसआय इंजिनालाही टॉर्शन बीमच. बीममध्ये शॉकअप जवळपास चाकाइतकाच हलतो, मल्टिलिंकमध्ये तो आतल्या बाजूला असल्यानं कमी हलतो आणि म्हणून त्याचा आतला व्हॉल्व्ह जास्त घट्ट असतो. भोकं जुळली म्हणून एकाचा दुसऱ्याला लावणं म्हणजे गाडी बिघडवणं.

चेसिस नंबरावरूनच भाग काढायला सांगा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत सर्व्हिस बुकात किंवा डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याजवळ एक कागदी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड असतात. त्यात २यूए म्हणजे साधं सस्पेन्शन, २यूबी खराब रस्त्यांसाठीचं, २यूसी स्पोर्ट. या पट्टीचा फोटो काढून नागपूरच्या दुकानदाराला पाठवा, अर्धे घोळ तिथंच मिटतात. जुन्या शॉकअपच्या नळीवरचा नंबरही पुसून वाचा. पूर्ण उघडलेली आणि पूर्ण दबलेली लांबी, खालच्या डोळ्याची रुंदी, बोल्टची जाडी, ही मापं पार्सल उघडल्याबरोबर जुन्याशी ताडून बघा, बसवायच्या आधी.

शॉकअपला वायर जोडलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची मांडणी आहे. त्या जागी साधा लावला की डॅशबोर्डवर चूक दिसत राहते. तिथं त्याच जातीचा घ्या किंवा नियंत्रण रद्द करायचा जो संच मिळतो त्यासह घ्या.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा

खालचा बोल्ट चाक हवेत लटकत असताना आवळला, तर बुशाचं रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग खालून खडखड आणि पुन्हा 'शाकप गेला'. उपाय सोपा. काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागेवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजून ठेवा. बसवून झाल्यावर जॅकनं चाकाकडची बाजू तेवढ्याच अंतरापर्यंत उचला आणि मगच बोल्ट शेवटचा आवळा, तोही टॉर्क रेंचनं (मोजून आवळणाऱ्या पान्यानं), कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला. जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवे घ्या.

वरच्या नटवर हवेची गन चालवू देऊ नका. गननं दांडा आत गरगर फिरतो आणि नव्या सीलची कड पहिल्याच दिवशी खराब होते. दांडा पकडायला पकड किंवा पाईप पानाही नको, क्रोमवर उमटलेला एक ओरखडा पुरतो. टोकाला ॲलन की साठी खाच असते, ती त्याचसाठी. ट्विन-ट्यूब पार्सलमध्ये आडवा पडून आलेला असतो, म्हणून लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि उघडा, आतला वायू वर जातो. हे न करता लावला तर पहिले काही किलोमीटर ढिला वाटतो आणि लोक नवाच खराब आला म्हणून परत पाठवतात.

नुसते शॉकअप बदलले तर अलाइनमेंट फारशी हलत नाही. मल्टिलिंकचा एखादा आर्म सोडवला असेल तर मात्र ते करून घ्यावंच लागतं. पाचशे किलोमीटरनंतर एकदा सगळे बोल्ट तपासा आणि पहिल्या पावसाळ्यात चिखलातून आल्यावर मागच्या चाकाच्या आत साध्या पाण्याचा फवारा मारा. प्रेशर वॉशरचं नाक सीलजवळ नेऊ नका, दाबाचं पाणी सीलच्या आत शिरतं.

नवे बसवल्यावर झुलणं गेलं पण घरघर राहिली, असं बरेच जण सांगतात. ती टायरची असते. वाट्या पडलेला टायर नव्या शॉकअपनं एकाएकी गोल होत नाही. मागचे टायर पुढं घालून थोडे दिवस चालवा. आवाज पुढं सरकला तर शॉकअपला दोष देऊ नका. वाट्या खोल असतील तर टायरच बदलावे लागतील. आवाज मागंच राहिला तर मागच्या चाकाची बेअरिंग तपासा.